योगदानाचे नियम नव्या माणसाला कळतील असे कसे लिहायचे: ओपन सोर्स डॉक्युमेंटेशनसाठी सविस्तर मार्गदर्शक

"लहानसहान दुरुस्त्यांचं स्वागत आहे. मोठा बदल करण्याआधी कृपया चर्चा करा. पीआर टाकताना आमच्या शैलीचं पालन करा."

थोड्याफार फरकाने ही तीन वाक्यं बहुतेक ओपन सोर्स प्रकल्पांच्या, म्हणजे ज्यांचा कोड आणि मजकूर कुणीही बघून सुधारू शकतो अशा प्रकल्पांच्या, नियमावलीत सापडतात. (पीआर म्हणजे 'पुल रिक्वेस्ट': माझा हा बदल प्रकल्पात घ्या, अशी मागणी.) वाचायला अगदी सौजन्यपूर्ण आहेत. पण पहिल्यांदाच आलेल्या माणसाने त्यांचं करायचं काय? दोन परिच्छेदांचा क्रम बदलला तर तो बदल लहान की मोठा? चर्चा इश्यूत (प्रकल्पाकडे नोंदवलेल्या तक्रारीत किंवा सूचनेत) करायची, स्लॅकच्या गप्पांत, की थेट पीआरमध्ये? शैली कोणती, आणि ती लिहून ठेवलीय कुठे? मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यालाच, विचारलं तर बऱ्याचदा उत्तर येतं, "ते बघून ठरवतो." गोम इथेच आहे. वाक्य कितीही घासूनपुसून लिहा, मागचा निर्णय झालेला नसेल तर ते धूसरच राहणार. म्हणून या लेखातल्या पहिल्या तीन पायऱ्यांत नियमाचं एक अक्षरही लिहायचं नाही.

डॉक्युमेंटेशनच्या, म्हणजे 'डॉक्स'च्या, प्रकल्पात हा गोंधळ जास्त टोचतो. कोड चुकला तर टेस्ट तुटते आणि यंत्रच तोंडावर सांगतं. वाक्य बरं की वाईट हे मात्र माणूस ठरवतो, आणि दोन रिव्ह्यूअर (बदल तपासणारे) बसवले की तीन मतं होतात. शिवाय गिटची (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) तोंडओळखही नसलेले लोक सर्वात आधी येतात ते डॉक्समध्येच. मेंटेनरला पाठ असलेल्या गोष्टींतल्या निम्म्या त्यांनी कधी ऐकलेल्याही नसतात.

पायरी १: नियम कुठे दडलेत ते शोधा

नियमावलीची फाइल सुरुवातीला उघडूच नका. बंद झालेल्या पीआरची यादी उघडा. मर्ज न होता, म्हणजे प्रकल्पात न घेता, बंद झालेल्या आधी वाचा, मग ज्यांच्यावर सर्वात जास्त प्रतिक्रिया पडल्या त्या. चाळीस-पन्नास पीआर वाचल्या की तीच ती वाक्यं दिसायला लागतात: "हे पान आपोआप तयार होतं, इथे बदलू नका", "एका पीआरमध्ये एकच भाषा", "आधी इश्यू उघडायला हवा होता". प्रकल्पाचे खरे नियम हेच. फक्त ते फाइलीत नसतात, रिव्ह्यूअरच्या बोटांत असतात.

प्रत्येक वाक्य एका तक्त्यात टाका आणि समोर चारांपैकी एक शेरा लिहा. नियम फाइलीत आहे पण सापडत नाही. आहे, पण दोन अर्थ निघतात. कुठेच लिहिलेला नाही. आणि चौथा: दोन मेंटेनर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. या चौथ्या गटावर सर्वात जास्त वेळ घालवा. एकाने "स्क्रीनशॉट टाका" म्हणायचं आणि दुसऱ्याने पुढच्या आठवड्यात "स्क्रीनशॉट काढा, ते लवकर जुने होतात" म्हणायचं, असं झालं की योगदान करणारा माणूस वाद घालत बसत नाही. गुपचूप निघून जातो.

पायरी २: आधी ठरवा

आता मेंटेनरांची एक बैठक घ्या आणि चौथ्या गटातला एकेक मुद्दा निकाली काढा. माझ्या मते पुढच्या प्रश्नांची उत्तरं एका ओळीत देता येत नसतील तर लिहायला बसू नये.

पहिला प्रश्न, इश्यूशिवाय थेट पीआर कशासाठी चालेल? जँगो या वेब फ्रेमवर्कच्या प्रकल्पाने इथे रेघ साफ आखली आहे. टायपो आणि डॉक्समधल्या किरकोळ दुरुस्त्यांना ट्रॅकवर (त्यांच्या इश्यूंच्या नोंदवहीत) तिकीट लागत नाही, बाकीच्यांना लागतं. तुमची रेघ वेगळी असेल, असू दे. पण ती दिसली पाहिजे.

दुसरा, मंजुरी कोण देतं? कुबरनेटिस या अनेक सर्व्हरवर अॅप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डॉक्समध्ये दोन वेगळे टप्पे आहेत. मजकूर ठीक आहे असं रिव्ह्यूअर 'एलजीटीएम' ('लुक्स गुड टू मी') लिहून कळवतो. तो प्रकल्पात घ्यावा असं वेगळा अप्रूव्हर 'अप्रूव्ह' लिहून सांगतो. दोन्ही लेबलं लागली आणि दुसरा अडथळा नसला की मर्ज बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) करतो. पद्धत सोपी आहे असं मी म्हणणार नाही, पण पीआर टाकणाऱ्याला आपली गाडी कुठल्या स्टेशनात थांबलीय हे लेबलावरून कळतं. दोन मेंटेनरांच्या प्रकल्पाला एवढा थाट नको. "दोघांपैकी कुणा एकाची मंजुरी पुरते, स्वतःची पीआर स्वतः मर्ज करायची नाही" एवढं पुरे.

तिसरा, उत्तर किती दिवसांत मिळेल? आकडा द्यायला सगळेच बिचकतात, कारण तो पाळावा लागतो. यासाठी कुबरनेटिसची एक रीत उचलण्यासारखी आहे. तिथले अप्रूव्हर आठवड्याच्या पाळ्या लावून आलेल्या पीआरकडे बघतात आणि या कामाला 'पीआर रँगलर' म्हणतात. पाळी लावली की आकडा देण्याची हिंमत येते. पाळी लावण्याइतकी माणसं नसतील तर खरं ते लिहा: "आम्ही दोघं शनिवार-रविवारी बघतो. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर त्याच पीआरमध्ये आठवण करा, आम्हाला राग येत नाही." हे शेवटचं वाक्य पाल्हाळ नाही. आठवण करून देणं उद्धटपणाचं वाटतं म्हणून कितीतरी जण महिनोन्महिने वाट बघत बसतात, आपल्याकडचे तर जास्तच.

चौथा, रखडलेल्या कामाचं काय? कुबरनेटिसमध्ये नव्वद दिवस हालचाल झाली नाही की बॉट 'स्टेल' लेबल लावतो, आणखी तीस दिवसांनी 'रॉटन', आणि पुढच्या तीस दिवसांनी बंद करतो. मुदत तुम्हाला झेपेल ती ठेवा. कुणी इश्यू अंगावर घेऊन गायब झालं तर तो दुसऱ्याला कधी द्यायचा, हेही इथेच ठरवा. "मी हे करू का?" अशा एकाखाली एक पाच प्रतिक्रिया आणि पीआर एकही नाही, हे दृश्य याच निर्णयाच्या अभावी दिसतं.

पायरी ३: काय घेणार नाही तेही ठरवा

नाकारलेल्या पीआरमध्ये मेहनत करून लिहिलेला, पण या प्रकल्पात बसतच नाही असा मजकूर बराच असतो. कुणीतरी दोन रात्री जागून एखाद्या कंपनीचं टूल बसवण्याची पूर्ण कृती लिहितं आणि त्याला "धन्यवाद, पण हे आमच्या कक्षेत नाही" असं उत्तर मिळतं. ही कक्षा आधी कुठे लिहिली होती का?

कुबरनेटिसची मजकूर-नियमावली यासाठी वाचावी. प्रकल्पातल्या सॉफ्टवेअरबद्दलचा मजकूर घेतात. बाहेरच्या सॉफ्टवेअरबद्दलचा घेतात तो कुबरनेटिस चालायला ते आवश्यक असेल तरच. आणि जो मजकूर दुसरीकडे अधिकृतपणे आहे त्याची शक्यतो प्रत ठेवत नाहीत, दुवा देतात. कारणही तिथेच दिलं आहे: दोन ठिकाणी ठेवलेल्या मजकुराला दुप्पट देखभाल लागते आणि तो लवकर शिळा होतो. नियमासोबत कारण लिहिलं की पुढच्या, न लिहिलेल्या प्रसंगी माणूस स्वतःच योग्य निर्णय घेतो. म्हणून कारण लिहाच, पण एका वाक्यात.

पानांचे प्रकारही इथेच पक्के करा. डायटॅक्सिस या मांडणीत चार प्रकार मानतात: शिकवणारं ट्यूटोरियल, एखादं काम पार पाडायला मदत करणारं कृतिपान, संदर्भासाठीचं पान आणि विषय उलगडून सांगणारं पान. चारही घ्यायलाच हवेत असं काही नाही. पण "आम्हाला सध्या कृतिपानं हवी आहेत, ट्यूटोरियल पुरेशी आहेत" असं एक वाक्य लिहिलंत तर कुणाच्या तरी दोन रात्री वाचतील.

पायरी ४: आता लिहा

फाइलीचं नाव 'कॉन्ट्रिब्युटिंग' हेच ठेवा. गिटहब (बरेच प्रकल्प जिथे ठेवलेले असतात ती साइट) ती आधी 'डॉट गिटहब' फोल्डरमध्ये, मग रेपोच्या, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्याच्या, मुळाशी आणि शेवटी 'डॉक्स' फोल्डरमध्ये शोधतं, आणि इश्यू किंवा पीआर उघडणाऱ्याला तिचा दुवा दाखवतं. तीन ठिकाणी तीन फाइली असतील तर दिसते एकच. जुनी प्रत कोपऱ्यात राहून गेलीय का, ते बघून घ्या.

सुरुवातीला प्रकल्पाचा इतिहास नको, आभार नकोत, ओपन सोर्सचं महत्त्व तर नकोच. पहिल्या स्क्रीनवर तीन वाटा दाखवा: चूक सापडलीय आणि फक्त कळवायचीय, चूक स्वतः दुरुस्त करायचीय, नवं काहीतरी लिहायचंय. प्रत्येक वाटेवर पुढे काय करायचं ते क्रमाने. आलेला माणूस या तिघांपैकी एक असतो आणि त्याला उरलेल्या दोन वाटा वाचायच्या नसतात.

मग प्रत्येक नियमाचं वजन ठरवा. इंटरनेटचे तांत्रिक मसुदे लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या शब्दांचे अर्थ बांधून दिले. तोच विचार इथे चालतो. "हवंच" म्हणजे नसेल तर मर्ज होणार नाही. "असावं" म्हणजे नसेल तर रिव्ह्यूअर सुचवेल, पण त्यावर अडवणार नाही. "चालेल" म्हणजे तुमची मर्जी. फाइलीच्या सुरुवातीला या तिघांचा अर्थ सांगा आणि मग "शक्यतो", "कृपया", "योग्य तेथे" हे शब्द शोधून एकेक काढून टाका. "शक्यतो लहान वाक्यं लिहा" यातून ना लिहिणाऱ्याला काही कळतं ना तपासणाऱ्याला.

सुरुवातीच्या तीन वाक्यांतलं मधलं वाक्य घेऊ. "मोठा बदल करण्याआधी कृपया चर्चा करा." निर्णय झाल्यावर ते असं होतं:

"शुद्धलेखन, तुटलेली लिंक, चुकीची कमांड, एकाच पानातली न कळणारी वाक्यं: थेट पीआर टाका, इश्यू नको.

नवं पान, पानाचं नाव किंवा पत्ता बदलणं, मजकूर एका पानावरून दुसऱ्यावर हलवणं: आधी 'नवा मजकूर' हा इश्यू फॉर्म भरा. मेंटेनरने त्यावर 'मान्य' लेबल लावेपर्यंत लिहायला घेऊ नका. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच इश्यूत डॉक्स गटाला टॅग करा.

तुमचा बदल कशात बसतो ते कळत नसेल तर तो लहान समजा आणि पीआर टाका. इश्यू हवा असेल तर आम्ही सांगू, तेवढ्यासाठी पीआर बंद करणार नाही."

एका ओळीचे तीन परिच्छेद झाले, हे खरं. पण तिसरा परिच्छेद वाचा. शंका आली तर काय करायचं आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत कोण मोजणार, हे तो सांगतो. यादी कितीही लांबवली तरी काहीतरी तिच्यात बसणार नाहीच, आणि तेव्हा याच परिच्छेदाचा आधार असतो. प्रत्येक हद्दीच्या नियमाखाली असं एक वाक्य असावं, असा माझा आग्रह आहे.

दुसरी एक छोटी सवय लावून घ्या. सोर्स फाइलीत प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करायचा नियम करा. युनिक्सवर काम केलेल्या ब्रायन कर्निहानने १९७४ च्या 'युनिक्स फॉर बिगिनर्स'मध्ये हा सल्ला दिला होता. मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मजकूर मांडायच्या पद्धतीत) तो तितकाच लागू पडतो: छापून येणारं पान बदलत नाही, पण बदल बघताना नेमकं कुठलं वाक्य हललं ते दिसतं आणि रिव्ह्यूअरला त्या एकाच वाक्यावर बोट ठेवता येतं.

पायरी ५: गिट न येणाऱ्याला आत घ्या

एका शब्दाची दुरुस्ती करायला फोर्क (आपल्या खात्यावर प्रत घेणं), क्लोन (ती संगणकावर उतरवणं), ब्रँच (बदलासाठी वेगळी फांदी), लोकल बिल्ड (पान आपल्याच संगणकावर तयार करून बघणं) एवढा डोंगर चढायला लावू नका. गिटहबवर फाइलीच्या वरच्या पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक केलं की फोर्क आपोआप होतो आणि ब्राउझरमध्येच बदल करून पीआर टाकता येते. लहान दुरुस्तीची वाट हीच, असं सांगा. पूर्ण सेटअपची कृती नवी पानं लिहिणाऱ्यांसाठी वेगळ्या पानावर ठेवा. तिथे कमांड लिहिताना तिच्याखाली पडद्यावर काय दिसायला हवं तेही लिहा. नवखा माणूस कमांड चालवतो, काहीतरी चार ओळी उमटतात, आणि हे यश की अपयश हेच त्याला कळत नाही.

प्रत्येक पीआरचा प्रिव्ह्यू आपोआप तयार होत असेल तर तो दुवा कुठे दिसतो ते दाखवा. नसेल तर ती सोय करणं नियमावली सुधारण्याइतकंच फायद्याचं आहे. तक्ता मोडलाय हे सांगावं लागत नाही, ज्याने मोडला त्यालाच दिसतं.

पायरी ६: लायसन्स, सही आणि एआय

हा भाग लोक टाळतात आणि नंतर निस्तरत बसतात. कोडचं लायसन्स आणि डॉक्सचं लायसन्स बहुधा वेगळं असतं, आणि दोन्ही सांगायला लागतात. कुबरनेटिसचा मजकूर सीसी बाय ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आहे, म्हणजे श्रेय दिलं की पुरतं. विकिपीडियाचा मजकूर जून २०२३ पासून सीसी बाय-एसए ४.० खाली आहे, म्हणजे घेतलेलं त्याच अटीवर पुढे द्यावं लागतं. त्यामुळे विकिपीडियातला परिच्छेद उचलून कुबरनेटिसच्या पानात टाकता येत नाही. दोन्ही 'मोकळे' असूनही. पहिल्यांदा येणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? "दुसरीकडचा मजकूर किंवा चित्र आणू नका. आणायचंच असेल तर मूळ ठिकाण आणि त्याचं लायसन्स पीआरमध्ये लिहा" हा नियम 'हवंच' या गटात टाका.

पानातल्या नमुना कोडचंही वेगळं सांगा. एमडीएन या वेब डेव्हलपरांसाठीच्या डॉक्समध्ये लेखी मजकूर सीसी बाय-एसए खाली आहे, पण २० ऑगस्ट २०१० पासून टाकलेले कोडचे नमुने सीसी-झिरो खाली, म्हणजे बिनअट वापरासाठी, आहेत. वाचक नमुना उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये चिकटवणार, हे गृहीत धरूनच.

सहीच्या दोन पद्धती आहेत. सीएलए ('कॉन्ट्रिब्युटर लायसन्स अॅग्रीमेंट') हा करार एकदा सही करून द्यायचा असतो. कुबरनेटिसमध्ये तो झाल्याशिवाय पीआर मर्ज होत नाही, आणि नोकरी करणाऱ्यांना काही वेळा कंपनीकडून परवानगी काढावी लागते. ती निघायला दिवस लागतात, म्हणून सीएलएचा उल्लेख लिहायला बसण्याआधी दिसला पाहिजे, शेवटच्या पायरीवर नव्हे. दुसरी पद्धत २००४ साली लिनक्सच्या जगात आलेल्या डीसीओची ('डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन'), म्हणजे हे काम देण्याचा मला हक्क आहे अशा हमीची. प्रत्येक कमिटवर (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलावर) 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते, आणि 'गिट कमिट'ला 'उणे एस' (-s) जोडलं की ती येते. या ओळीत नाव आणि ईमेल असतं आणि ते इतिहासात कायमचं राहतं, हे माणसाला आधी सांगणं ही साधी माणुसकी आहे. ईमेल उघड करायचा नसेल तर गिटहबचा 'नो-रिप्लाय' पत्ता वापरता येतो.

आता इथली खोच. पाचव्या पायरीत आपण पेन्सिलची वाट उघडली. ब्राउझरमधून केलेल्या कमिटला 'उणे एस' कुठे जोडणार? डीसीओची तपासणी लाल होते आणि टायपो सुधारायला आलेल्या माणसाला रिबेसची (झालेले कमिट नव्याने रचण्याची) कृती वाचायला पाठवलं जातं. रेपोच्या सेटिंगमध्ये ब्राउझरमधल्या कमिटवरही साइन-ऑफ मागण्याची सोय आहे. ती चालू केली की ओळ आपोआप पडते. दोन नियम सुटे-सुटे बरोबर असतात आणि एकत्र आले की अडवतात, हे असं.

एआयबद्दल गप्प बसण्याचे दिवस गेले. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये एआयच्या मदतीने तयार केलेला मजकूर घेणार नाही असं ठरवलं. तुम्ही तितकं कडक व्हाल किंवा होणार नाही. मधली वाट घ्यायची तर दोन गोष्टी मागा: एआय वापरलं असेल तर पीआरमध्ये सांगा, आणि पानातली प्रत्येक कमांड स्वतः चालवून बघितली आहे असं लिहा. डॉक्समध्ये खरा धोका सफाईदार मराठी-इंग्रजीत लिहिलेल्या, पण अस्तित्वातच नसलेल्या पर्यायाचा असतो, आणि तो दुसऱ्या अटीत सापडतो.

पायरी ७: शैलीचं भांडण यंत्रावर सोपवा

शैलीचे नियम थोडे ठेवा आणि प्रत्येकाखाली "असं लिहा" आणि "असं नको" अशी जोडी द्या. कुबरनेटिसची शैली-पुस्तिका असंच करते: वर्तमानकाळ वापरा, वाचकाला थेट संबोधा, "सोपं आहे", "फक्त एवढंच करा" असले शब्द टाळा, "सध्या" आणि "नवं" म्हणू नका कारण ते लवकर शिळं होतं. बाकी सगळ्यासाठी गूगलची किंवा मायक्रोसॉफ्टची सार्वजनिक शैली-पुस्तिका प्रमाण माना आणि मोकळे व्हा. स्वतःची शंभर पानी पुस्तिका लिहिण्याच्या मोहात पडलेले प्रकल्प पाहिलेत मी. ती कुणी वाचत नाही, लिहिणारासुद्धा.

जे नियम यंत्राला कळतात ते व्हेल किंवा मार्कडाउनलिंटसारख्या लिंटरमध्ये (नियम आपोआप तपासणाऱ्या साधनात) घाला. व्हेलमध्ये तीन पातळ्या असतात: सूचना, इशारा आणि चूक. त्या चौथ्या पायरीतल्या तीन वजनांशी जुळवा. जे 'हवंच' तेच फक्त चूक म्हणून अडवेल. लिंटरने अडवायचं आणि नियमावलीत त्याचा उल्लेखही नाही, असं होता कामा नये.

पायरी ८: अनुवादाचे नियम वेगळे लिहा

आपल्यापैकी अनेक जण डॉक्समध्ये मराठी अनुवादाच्या निमित्तानेच येतात, म्हणून इथे जरा थांबतो. अनुवादात पहिला प्रश्न भाषेचा नसतो, माणसांचा असतो. कुबरनेटिसमध्ये नवी भाषा सुरू करायला किमान दोन योगदानकर्ते लागतात, कारण स्वतःची पीआर स्वतःला मंजूर करता येत नाही. एमडीएन डिसेंबर २०२० मध्ये विकीवरून गिटहबवर गेलं, त्यानंतर पुढे देखभाल करणारा गट ज्या भाषेला होता तीच टिकली. म्हणून नियमावलीत स्पष्ट लिहा: किती जण हवेत, कुठली पानं आधी करायची, आणि मूळ पान बदललं की अनुवाद मागे पडलाय हे कसं कळणार. कुबरनेटिसच्या रेपोत यासाठी एक छोटी स्क्रिप्ट ठेवलेली आहे.

मराठीसाठी पुढच्या गोष्टी ठरवाव्याच लागतात. आकडे देवनागरी की इंग्रजी? कोडमधले आणि कमांडमधले अर्थातच जसेच्या तसे, पण मजकुरातले? बटणांची नावं अनुवादित पडद्यावर दिसतात तशी की मूळ? वाचकाला "तुम्ही" म्हणायचं हे ठरलं तरी "क्लिक करा" आणि "क्लिक करावे" यांतलं एकच निवडा. संज्ञांची यादी एका फाइलीत ठेवा आणि तिच्यातला बदल वेगळ्या पीआरने होईल असं सांगा, नाहीतर प्रत्येक अनुवादात 'फाइल' की 'धारिका' ही लढाई नव्याने होते.

आणि एक बारकी पण छळणारी गोष्ट. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ, हलन्त आणि या. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे आणि या. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द असतात. शोधा म्हटलं की निम्मी पानं सापडत नाहीत, संज्ञायादीशी जुळवणी फसते, आणि पीआरमध्ये "काहीच बदललं नाही तरी ओळ लाल-हिरवी का?" असा प्रश्न येतो. नियमात एक रूप निवडा, मी ऱ वालं निवडेन, आणि दुसरं पकडणारी तपासणी लिंटरमध्ये टाका. पानाची भाषा 'एमआर' अशी नोंदवायलाही सांगा. सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे दिसतात ते त्यामुळेच.

पायरी ९: नियम माणसाच्या वाटेत ठेवा

लांबलचक फाइल वाचून मग काम करणारे थोडे. म्हणून नियमांचे तुकडे जिथे लागतात तिथे ठेवा. गिटहबच्या इश्यू फॉर्ममध्ये रकाने सक्तीचे करता येतात: कुठलं पान, तिथे काय लिहिलंय, काय असायला हवं. पीआरच्या नमुन्यात तीनचार ओळींपेक्षा जास्त काही नको. वीस चौकटींची यादी दिली की लोक सगळ्यांत टिकमार्क करून मोकळे होतात. 'कोडओनर्स' (कुठला भाग कुणाकडे ते सांगणारी) फाइल असली की योग्य रिव्ह्यूअर आपोआप बोलावला जातो, मग "कुणाला टॅग करू?" हा नियमच लिहावा लागत नाही. 'गुड फर्स्ट इश्यू' लेबल लावताना कुठली फाइल आणि काम पूर्ण कधी मानायचं ते इश्यूतच लिहा. नुसतं लेबल म्हणजे पाटी आहे, दुकान बंद.

निरर्थक पीआरचीही तयारी ठेवा. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला पीआर देणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात) टी-शर्टच्या आशेने रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलीत) एखादा शब्द घुसवणाऱ्या पीआरचा इतका पूर आला की सुरुवातीच्या काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या रेपोने स्वतःहून सहभाग जाहीर केला तिथल्याच पीआर मोजायच्या. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कच्या रेपोत रीडमीमध्ये फक्त स्वतःचं नाव जोडणाऱ्या पीआर येत राहिल्या. पीआर कशी टाकायची ते त्या रेपोवर दाखवणारा आपल्याकडचाच एक शिकवणी व्हिडिओ त्यामागे होता. ती मुलं वाईट हेतूने आलेली नव्हती. शिकवणाऱ्याने दाखवलं ते त्यांनी केलं. त्यांच्यासाठी दोन ओळी पुरतात: "वाचकाला उपयोग नसलेला बदल आम्ही चर्चेशिवाय बंद करतो. सराव करायचा असेल तर स्वतःच्या खात्यावर रेपो उघडून करा." हेच उत्तर गिटहबच्या 'सेव्ह्ड रिप्लाय'मध्ये ठेवा, म्हणजे रात्री अकरा वाजता चिडून काही लिहिलं जाणार नाही.

पायरी १०: माणूस बसवून तपासा, मग लागू करा

मसुदा मेंटेनरांत फिरवून काही कळत नाही, त्यांना सगळं आधीच माहीत असतं. प्रकल्पाशी संबंध नसलेला एक जण शोधा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी उत्तम. त्याला एक खरी तुटलेली लिंक दाखवा, "ही दुरुस्त कर" म्हणा आणि शेजारी बसा. बोलायचं नाही. तो जिथे दुसरा टॅब उघडून गूगल करतो, जिथे तेच वाक्य परत वाचतो, जिथे तुमच्याकडे बघतो, त्या जागा टिपून घ्या. दुरुस्ती त्याच जागांवर. मग दुसऱ्या माणसाला बसवा, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत झालंय.

नवे नियम स्वतः पीआर म्हणूनच टाका, म्हणजे हरकती तिथेच नोंदल्या जातील आणि पुढे "हा नियम का?" असं कुणी विचारलं तर दुवा देता येईल. फाइलीला एक जबाबदार माणूस नेमा. त्याचं काम एवढंच की रिव्ह्यूमध्ये एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगावी लागली की ती फाइलीत नेऊन घालायची, आणि तिथे आधीच असेल तर ती का सापडली नाही ते बघायचं.

लागू करायची तारीख जाहीर करा. त्याआधी उघडलेल्या पीआर जुन्या रीतीनेच तपासा. तीन महिने वाट बघणाऱ्याला नव्या नियमाचा हवाला देऊन परत पाठवू नका. नव्या नियमामुळे ज्या पीआरना काही जास्त करावं लागणार असेल, ते त्या ब्रँचवर मेंटेनरने स्वतः करून द्यावं. पीआर टाकणाऱ्याने मेंटेनरना बदलाची मुभा दिलेली असेल तर ते करता येतं.